व्याह्यांच्या पोटऱ्या

माझ्या व्याह्यांनी मला फसवले. मी त्यांना फसवले असे ते बर्नाबीपासून कोक्विटलामपर्यंत सगळ्यांना सांगत फिरतात, म्हणून आधीच लिहून टाकते: फसवणारे ते, फसलेली मी. नाव लिहीत नाही. पण मला एकच मुलगी आहे, त्यामुळे व्याहीही एकच आहेत. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

फसवले कशात, हे सांगायचे तर आधी माझे काम सांगावे लागेल. आपल्या मंडळातल्या अर्ध्या लोकांना वाटते की मी कुठल्याशा स्किनच्या डॉक्टरकडे फोन उचलत होते. तसे वाटू दिले ते मीच. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना "मी पोटऱ्या विकते" असे सांगितले असते तर वाण न घेताच उठल्या असत्या.

तर मी पोटऱ्या विकत होते. व्हँकुव्हरमधल्या एका कॉस्मेटिक सर्जनच्या क्लिनिकमध्ये पेशंट कोऑर्डिनेटर म्हणून माझी बरीच वर्षे गेली. चेहऱ्याची, पोटाची कामे तिथे रोज चालत, पण आमच्या डॉक्टरांचा हात पोटऱ्यांवर बसलेला होता आणि ते गिऱ्हाईक माझ्याकडे येई. डॉक्टर म्हणतात पेशंट. मी कराडच्या कासाराची मुलगी, मी गिऱ्हाईकच म्हणणार.

काम साधे आहे. गुडघ्याच्या मागे जिथे घडी पडते, तिथे आडवी चीर देतात. आत पोटरीच्या स्नायूवर जे पातळ आवरण असते, त्याच्याखाली कप्पा करतात आणि त्यात सिलिकॉनचा घट्ट, लांबट तुकडा सरकवतात. आकार ओढून लांब केलेल्या करंजीसारखा. मग शिवतात. संध्याकाळी माणूस घरी. त्यानंतर काही दिवस उंच टाचेचे बूट घालून चालायचे, म्हणजे पोटरी ताणली जात नाही. सहा फुटी पुरुष टाचा उचलून वॉशरूमकडे निघाला की मी खिडकीबाहेर पाहात असे. खरे काम मात्र त्यानंतरचे असते आणि ते शरीर करते. त्या तुकड्याभोवती शरीर स्वतःचे एक आवरण विणते. ते विणून होईपर्यंत तुकडा जागचा हलू शकतो. म्हणून आठवडे सांभाळायचे. या सगळ्या गोष्टीत एवढी एकच लक्षात ठेवा, कारण माझा घात तिनेच केला.

माझे काम होते माप, बोलणे आणि समजूत. बाबांच्या दुकानात बाई आली की बाबा तिचा पंजा एकदा दाबून "सव्वादोन" किंवा "अडीच" म्हणत आणि बांगडी बरोबर बसे. मी टेपने पोटरी मोजायचे, पण त्याआधी हाताने दाबून मनात एक आकडा धरायचे. माझा आकडा नेहमी बरोबर येई, असे मी सगळ्यांना सांगते. एकदा एका बाईच्या बाबतीत तो इतका चुकला, की डॉक्टरांनी मला बोलावून टेप कुठून वाचतात ते दाखवले. हे मी सहसा सांगत नाही.

बाबांकडून दुसरी एक गोष्ट शिकले. गिऱ्हाईक जिंकून गेले पाहिजे. म्हणून आधी चढा भाव सांगायचा, बाईला तो उतरवू द्यायचा आणि ती उतरवते तिथेच आपला खरा भाव ठेवायचा. बाई खूश, आपणही खूश. कॅनडात येऊन मी हे सगळीकडे केले. सोफ्यावर केले, बेसमेंटच्या भाड्यावर केले. विंटर टायर्सच्या दुकानात मी तोंड उघडले की माझी लेक केतकी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची, दुसऱ्या रांगेत कोणा अनोळखी कुटुंबाशेजारी जाऊन उभी राही. एकदा त्या कुटुंबातल्या बाईने तिला विचारले, हरवलीस का. ती म्हणाली, "नो, आय एम हायडिंग."

माझा रागही प्रसिद्ध आहे. जिममध्ये घडवलेला एक पंजाबी तरुण आला होता. वरून पैलवान, खाली सायकलचे पंप. शॉर्ट्स घालायची सोय नाही म्हणून उन्हाळ्यातही पूर्ण पँटमध्ये व्यायाम करायचा. नमुन्याचा तुकडा हातात घेऊन तो उलटसुलट पाहात बसला. "आंटीजी, ये फट तो नहीं जाएगा? आंटीजी, ये असली है?" चौथ्यांदा विचारल्यावर मी तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर आपटला. तो उसळला आणि थेट त्याच्या छातीवर जाऊन आदळला. मला वाटले, आता नोकरी गेली. मुलाने तुकडा उचलला, नीट पाहिला आणि म्हणाला, "ठीक है आंटीजी, यही वाला." पुढे दोन वर्षे तो माझ्याकडे मित्र पाठवत होता. प्रत्येकाला सांगून ठेवलेले असायचे, आंटीला चिडवू नका, ती मालाची टेस्ट घेते.

सगळेच असे हसण्यावारी नसत. जन्मतः एक पाऊल आत वळलेली एक मुलगी होती. पाऊल लहानपणीच सरळ केले होते, पण त्या पायाची पोटरी कधी भरलीच नाही. तिने एकाच पायाचे काम केले. पुन्हा आली तेव्हा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालून आली होती. पाऊस पडत होता, पाय भिजलेले होते. माझ्यासमोर न बसता ती उगीचच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा चालली. मी पाहात होते हे तिला कळत होते. कोणी मला विचारले की असल्या चैनीच्या धंद्यात तुमचे मन कसे रमले, तर मी या मुलीचे नाव न सांगता एवढे सांगते. बाकीच्यांचे सांगत नाही, नाहीतर सायकलच्या पंपापर्यंत यावे लागते.

आता आठवड्यांकडे येते.

डॉक्टरांच्या सूचनांमध्ये पळू नका, वजन उचलू नका, स्क्वॉट्स काढू नका असे सगळे होते. जमिनीवर बसू नका, असे कुठेच नव्हते. इथे जमिनीवर बसते कोण? पण आमच्याकडे आपली माणसेही येत. एका बाईने मला विचारले की देवपूजेला बसले तर चालेल ना. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांना मांडी घालणे म्हणजे काय हे कळेना. बोलून समजेना, तेव्हा मी त्यांच्या केबिनच्या गालिच्यावर फतकल मारून बसले, मग मांडी घातली, मग उकिडवी बसून दाखवले. ते माझ्या गुडघ्यामागे वाकून पाहात राहिले आणि म्हणाले, "नो. नो, नो, नो. सिक्स वीक्स." मग मला उठता येईना. डॉक्टरांनी एक हात धरला, नर्सने दुसरा. तेव्हापासून सूचनांमध्ये ती ओळ आली: सहा आठवडे जमिनीवर बसायचे नाही. ती ओळ माझी आहे. तिच्यासाठी मी गालिच्यावर पडले आहे.

पण आपल्या माणसाला सहा सांगितले की तो चार पाळतो. हे मला पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांतच कळले. मग मी बाबांची युक्ती काढली. आपल्या लोकांना मी आठ सांगू लागले. ते घासाघीस करून सहावर येत. ते जिंकून जात, पोटरीला तिचे सहा मिळत. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालले. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते, की क्लिनिकच्या एका पार्टीत भाषणात ते सांगण्याचा विचार होता. डॉक्टर समोर बसले होते म्हणून गिळले.

आणि मग, मी निवृत्त व्हायच्या आदल्या हिवाळ्यात, व्याही आले.

व्याही गणिताचे प्राध्यापक. विद्यापीठातून निवृत्त झालेले. विहीणबाई वारल्यापासून बर्नाबीत कॉन्डोमध्ये एकटे राहतात. उंच, नाकेले, बोलणे ठाम. सोवळे नेसून आरतीला उभे राहिले की वरचा माणूस ऋषीसारखा दिसतो आणि खाली दोन छत्र्यांच्या काड्या. हे मी कधी बोलून दाखवले नव्हते. मुलीच्या सासरच्यांबद्दल बोलायचे नसते, एवढे मला कळते. ते क्लिनिकमध्ये आले तेव्हा मला वाटले, केतकीचे काहीतरी झाले.

"तसे काही नाही विहीणबाई," ते म्हणाले. "काम माझेच आहे."

दार लावून घेतले. खुर्चीवर बसले.

"ईशानची मुंज ठरली आहे," ते म्हणाले. ईशान म्हणजे आमचा दोघांचा नातू. "मी पीतांबर नेसणार. व्हिडिओ होणार. मला शाळेत बगळा म्हणायचे. माझ्या मुंजीत म्हणायचे, लग्नात म्हणायचे. आता सत्तरी आली. म्हणणारे बरेचसे गेले. पण मला अजून ऐकू येते."

मी ऐकत होते. चिडका माणूस ऐकतोही, हे लोकांना खरे वाटत नाही.

"ईशानची चिंता नाही," ते पुढे म्हणाले. "त्याचे पाय तुमच्या बाजूने आले आहेत." हे मी आजवर ऐकलेल्या कौतुकांपैकी सगळ्यात विचित्र. पण कौतुकच.

डॉक्टरांनी त्यांना तपासले, हृदयाच्या चाचण्या करवल्या, वयाबद्दल दोनदा बजावले आणि शेवटी हो म्हणाले. जी तारीख मोकळी होती ती मुंजीच्या चार आठवडे आधीची. मग आम्ही दोघे माझ्या टेबलाशी बसलो.

"खाली बसायचे नाही. आठ आठवडे," मी सवयीने म्हणाले.

"चार."

"व्याहीबुवा, ही भाजी नाही."

"मुंज चार आठवड्यांनी आहे. पाच करा, मी गुरुजींना एक आठवडा पुढे ढकलायला सांगतो."

"हॉल बुक झाला आहे. आणि मुहूर्त गुरुजींच्या खिशात नसतो. सात."

"साडेपाच."

केतकीच्या लग्नात आमच्यात कसलीही घासाघीस झाली नव्हती. देणे नाही, घेणे नाही, हॉलचा खर्च निम्मा निम्मा, दोन वाक्यांत सगळे संपले होते. मला तेव्हाच चुकल्यासारखे वाटले होते. ती सगळी घासाघीस आता पोटऱ्यांवरून झाली. खरे सांगते, मला मजा येत होती. समोरचाही तयारीचा होता. शेवटी मी सहावर आले, हात जोडले आणि म्हणाले, "सहा. याच्या खाली एक दिवसही नाही. मुंजीत तुम्ही खुर्चीवर बसायचे."

"खुर्चीवर बसेन."

"शब्द?"

"विहीणबाई, व्याह्याचा शब्द आहे."

"आणि कोणाला सांगायचे नाही, हा माझा शब्द," मी म्हणाले. तो मी पाळला. केतकीलाही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. मी टीव्हीवरच्या बातम्यांनाही उलट उत्तरे देते, तरी हे पोटात ठेवले.

काम उत्तम झाले. व्याह्यांनी मुलाला सांगितले की पाठ धरली आहे, आणि पहिले दिवस कॉन्डोत टाचा उचलून एकटे फिरले. मी डबा घेऊन जायचे. एकदा त्यांनी पायजमा थोडा वर करून दाखवला. पाय खरोखर पायासारखा दिसत होता. त्यांचा चेहरा दहावीत पास झालेल्या मुलासारखा झाला होता. मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटला. दार लावून घेतल्यावर मी लिफ्टमध्ये एकटीच हसले.

मुंजीच्या दिवशी मी हॉलमध्ये पहिले काम केले ते खुर्चीचे. घडीची, पाठीला गादी असलेली. पाटांच्या शेजारी स्वतः नेऊन ठेवली. केतकी म्हणाली, "आई, तिथे कशाला? फोटोत येईल."

"आजोबांची पाठ," मी म्हणाले.

व्याही आले. पीतांबर, उपरणे आणि खाली पाय. हॉलमध्ये चाळीस वर्षे त्यांना ओळखणारी माणसे होती. एक म्हणाले, "प्रोफेसर, तब्येत सुधारली तुमची." दुसरे म्हणाले, "योगा का?" व्याही फक्त हसले. मी लांबून पाहात होते, आणि काहीतरी बिनसतेय हे मला त्या हसण्यातच कळायला हवे होते. जिंकलेल्या माणसाला आणखी जिंकावेसे वाटते.

गुरुजी म्हणाले, "आजोबा, बटूच्या शेजारी या."

व्याही खुर्चीपाशी आले. खुर्चीवर हात ठेवला. मग ती बाजूला सरकवली.

मी पुढे झाले. सगळ्यांसमोर काय बोलणार? म्हणाले, "व्याहीबुवा, खुर्ची आहे हो इथे."

"असू द्या, विहीणबाई."

"पाठ आहे तुमची." मी डोळ्यांनी पायांकडे खूण केली. बघणाऱ्यांना काय वाटले असेल देव जाणे.

ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आमच्याकडे मुंजीत खुर्ची चालत नाही." आणि पाटावर बसले. मांडी घालून. पीतांबर गुडघ्यापर्यंत नीट सारून.

मी खुर्ची धरून उभी राहिले. होम संपेपर्यंत उभी होते. व्हिडिओत दिसते. मंगलाष्टकांच्या वेळी सगळे अक्षता टाकताहेत आणि मागे एक बाई घडीची खुर्ची छातीशी धरून जावयाच्या वडिलांकडे खाऊ की गिळू असे बघते आहे. जावई म्हणतो, तो भाग कापता येत नाही, कारण तिथेच ईशान सगळ्यात चांगला आला आहे.

उठताना व्याह्यांनी गुरुजींचा खांदा धरला. चेहरा पांढरा पडला होता. दोन पावले चालले. मुंडावळ्या बांधलेला ईशान त्यांच्यामागून येत होता, तो थांबला आणि सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाला, "आजी, आजोबा इज लीकिंग."

गुडघ्यामागची शिवण उसवली होती. पीतांबराला ओला डाग पडला होता. उजव्या पायाची पोटरी घोट्याच्या दिशेने निघाली होती.

पंगत सोडून आम्ही त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी उजवीकडचा तुकडा काढला. जखमेत जंतू शिरले होते, ती भरायला वेळ लागला. केतकीने सुट्टी टाकली, सासऱ्यांना घरी आणले, ड्रेसिंग केले, पथ्याचे रांधले. मी मदतीला गेले तर दार अर्धेच उघडले.

"आई, तू त्यांना आठ वीक्स सांगितलेस आणि मग दोन मिनिटांत सहा केलेस?"

"कोणी सांगितले?"

"त्यांनीच. ते म्हणतात, बोलता बोलता दोन आठवडे गेले, तर उरलेले खरे कशावरून? ही हॅज अ पॉइंट, आई."

गणिताच्या माणसाने हिशोब मांडला होता. मी बाबांचे सांगू लागले, बांगड्यांचे, गिऱ्हाईक जिंकून गेले पाहिजे त्याचे. केतकी म्हणाली, "यू विल से एनिथिंग टू क्लोज अ डील. यू ऑलवेज हॅव." आणि दार लावले. टायर्सच्या दुकानातली ती मुलगी अजून दुसऱ्या रांगेतच उभी आहे, हे मला तेव्हा कळले.

मग व्याहीच बोलू लागले. गुपित मी नाही फोडले. त्यांनी मंडळाच्या सहलीला, कोजागिरीला, प्रत्येकाला सांगितले. बर्नाबीत माणसे त्यांचे दोन्ही पाय निरखून पाहतात, कारण डावा भरलेला आहे आणि उजवा पूर्वीचाच. ते पँट वर करून दाखवतात आणि म्हणतात, "हा डॉक्टरांचा, हा विहीणबाईंचा." लोक हसतात. मीही हसले असते. विनोद चांगला आहे. पण यंदा गणपतीला केतकीने मोदक करायला मला बोलावले नाही. फ्रोझन आणले. कळ्या पाडायला मीच तिला शिकवले होते.

म्हणून व्याहीबुवा, हे तुम्हाला.

आठ सांगितले ते माझे. ती माझी चलाखी होती, माझ्यावरच उलटली, आणि मंडळात तिच्यावर हसायचे तेवढे हसून घ्या, मी चहा पाजते. पण आठाचे सहा झाले तेव्हा तुम्ही समोर होतात, मी समोर होते, दोघांचे तोंड उघडे होते. सहाचे चार झाले तेव्हा समोर कोण होते? कोणाशी घासाघीस केलीत? मी तर चार पावलांवर उभी होते. विचारले असते तर नाही म्हणाले असते. नाही म्हणालेच होते, सगळ्या हॉलसमोर, दोनदा, खुर्ची हातात धरून. तुम्ही शब्द दिला होता आणि तो एका पीतांबरावरून मोडलात. तो मोह मला समजतो. मीच तर तो विकत होते. पण मोह तुमचा आणि खोटी मी, हे चालणार नाही.

पाडव्याला मी केतकीकडे येते आहे. तिने बोलावले नसले तरी. खुर्ची तीच आणेन, हॉलवाल्यांकडून मागून घेतली आहे. तुम्ही तिच्यावर बसा, ईशान असू दे, जावई असू देत, आणि माझ्या मुलीकडे बघून सांगा: ही खुर्ची तुमच्यासमोर कोणी ठेवली होती आणि ती बाजूला कोणी सारली?

दोन्ही उत्तरे एकेका शब्दाची आहेत. त्यात मी काही कमी करणार नाही.